दहा बाय अकराची खोली : सामान कमी, तरी ऊब हवी

घोडबंदरकर
घोडबंदर रोड, चौदावा मजला. खोली १० बाय ११ फूट, उंची ९ फूट ४ इंच. पश्चिमेला ५ बाय साडेचार फुटांची स्लायडिंग खिडकी, समोर येऊरचा डोंगर. बांधकाम मायवान, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. फरशी पांढरी व्हिट्रिफाइड, भिंती बिल्डरने दिल्या तशा पांढऱ्याफटक, एका भिंतीवर २० वॅटची पांढरी ट्यूब, मधोमध पंखा. एकाच माणसाने वापरायची खोली : झोप, वाचन आणि रोज चार-पाच तास लॅपटॉप. डबल बेड नाही, ३ फुटी दिवाण ठरला आहे.

सामान कमी हवं हे नक्की. पण 'मिनिमल' म्हणून जे फोटो दिसतात त्यातली निम्मी खोली दवाखान्यासारखी आणि उरलेली करड्या रंगाची. ऊब रंगाने येते असं मला वाटतं, म्हणून एक भिंत टेराकोटा आणि बाकी तीन पांढऱ्या ठेवायचा विचार आहे. चुकत असेल तर सांगा. आणि काम कोणत्या क्रमाने करायचं तेही.

लुमेन
रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी ती ट्यूब बंद करा. २० वॅटची ट्यूब म्हणजे साधारण २००० लुमेन, ६५०० केल्विन (ही उजेडाची छटा, आकडा जितका मोठा तितकी निळसर), सगळं एकाच भिंतीवरून. त्या उजेडात टेराकोटा मळकट दिसतो, लाकूड निर्जीव दिसतं आणि माणूस आजारी दिसतो.

तेवढाच उजेड तीन जागी वाटा. टेबलावर ७ वॅट, दिवाणाच्या उशाशी ५ वॅट, आणि खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात ९ वॅटचा उभा दिवा. एलईडीचा वॅटला १०० लुमेनचा ढोबळ हिशेब धरला तर बेरीज जवळपास तीच येते, पण खोली वेगळी दिसते, कारण आता तिला सावल्या आहेत. २७०० केल्विन घ्या, फार तर ३०००, आणि तिन्ही बल्ब एकाच छटेचे. एक २७०० आणि एक ४००० लावला की भिंतीवर पिवळा आणि निळसर असे दोन डाग दिसतात आणि दोन्ही चुकीचे वाटतात.

खोक्यावर सीआरआय वाचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. ८० सर्रास मिळतो, ९० शोधावा लागतो. लाकूड, गेरू, तांबूस कापड अशा वस्तू ठेवणार असाल तर शोधाच, कारण कमी सीआरआयच्या बल्बमध्ये सगळ्यात आधी लाल रंग मरतो.

उंचीत लोक हमखास चुकतात. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला हवी. उभ्या दिव्याला जमिनीपासून ४० ते ४२ इंच, उशाशी गादीच्या वर साधारण २० इंच. उघडा बल्ब डोळ्यात गेला की सगळं मुसळ केरात.

ट्यूब काढून टाकू नका. झाडताना आणि सुई शोधताना लागतेच.

निवांत
'माणूस आजारी दिसतो' ला अनुमोदन. आपल्याकडची निम्मी स्थळं पत्रिकेने नाही, ट्यूबलाइटने मोडली असणार.

ओलावा
लुमेन यांचं बरोबर आहे, पण त्याही आधी पश्चिमेची भिंत बघा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि चौदाव्या मजल्यावर तो आडवा येतो. त्या भिंतीत ओल असेल तर वर कुठलाही रंग लावा, दिवाळीपर्यंत पोपडे धरतील.

सोपी परीक्षा आहे. एक फूट बाय एक फूट जाड प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर तो हवेतला दमटपणा आहे, त्याला पंखा आणि उघडी खिडकी पुरते. ही परीक्षा पावसाळ्यात किंवा पाऊस संपता संपता करायची. मार्चमध्ये सगळ्याच भिंती पास होतात.

पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. त्यावर पुट्टी मारून झाकायचं नाही. कोरड्या ब्रशने झाडायचा, पाणी कुठून येतंय ते बंद करायचं, भिंत वाळू द्यायची, मग अल्कली सहन करणारा प्रायमर आणि मग पुट्टी. बऱ्याचदा दोष भिंतीचा नसतोच, खिडकीचा असतो. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघायची बारीक भोकं असतात. त्यात धूळ आणि कबुतराची पिसं बसली की ट्रॅक भरतो आणि पाणी आत उतरतं. मे संपायच्या आत ती भोकं तारेने मोकळी करा. चौकट आणि भिंत यांच्यातलं सिलिकॉन सुटलं असेल तर जुनं पूर्ण खरवडून नवीन भरा, जुन्यावर नवीन धरत नाही.

कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. पर्याय नसेल तर मागे दोन-तीन इंच जागा आणि खाली पाय. हवा खेळली नाही की जुलैत कपाटाची पाठ हिरवी.

पुट्टीबहाद्दर
टेराकोटाच्या एका भिंतीला माझा विरोध. दहा फुटी खोलीत एक भिंत गडद केली की ती अंगावर येते, आणि उरलेल्या तीन पांढऱ्याफटक भिंती तिच्यामुळे आणखी निळ्या दिसतात. म्हणजे ऊब एका भिंतीत कोंडली, बाकी खोली होती तशीच.

चारही भिंती आणि छत एकाच उबदार पांढऱ्यात करा. उबदार पांढरा म्हणजे सायीचा रंग, भाकरीच्या आतल्या पदराचा रंग. शेडकार्डावरून ठरवू नका. छोटा डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन फुटी चौकोन मारा, दोन हात, आणि सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा. तुमच्या खिडकीसमोर येऊर आहे, म्हणजे पावसाळाभर खोलीत हिरवट उजेड येणार. पिवळट छटेचा पांढरा त्या हिरव्यात लिंबासारखा दिसू शकतो. लालसर, मातकट छटेचा पांढरा तिथे चांगला टिकतो.

हिशेब : भिंतींचा घेर ४२ फूट, गुणिले सव्वानऊ, वजा दार-खिडकी, राहिले साधारण ३५० चौरस फूट. छताचे ११०. इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण १२० चौरस फूट जातं. भिंतींना तीन लिटर, छत धरून चारला टेकेल. चारच्या डब्यात डागडुजीला काही उरणार नाही, म्हणून एक लिटर जास्तीचा त्याच वेळी मिसळून घ्या. नंतर आणलेली तीच शेड तीच नसते.

अजून एक, आणि हे लुमेन यांच्याशी जोडलेलं आहे. भिंतीवरचा दिवा लावला की उजेड भिंतीला घासून जातो, आणि पुट्टीचा प्रत्येक उंचवटा समुद्राच्या लाटेसारखा दिसतो. वरून ट्यूब असताना जे झाकलं जातं ते तिरप्या उजेडात उघडं पडतं. रंगाऱ्याने पुट्टी घासली की प्रायमरआधी पेटता बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून खालपासून वरपर्यंत फिरवायला लावा. जिथे सावली पडते तिथे पेन्सिलने गोल करा आणि पुन्हा घासून घ्या. तो कुरकुरतो. कुरकुरू द्या.

मॅट रंग उंचवटे लपवतो पण उशीच्या उंचीवर आणि बटणांभोवती डाग धरतो. दिवाणामागच्या भिंतीला हलकी चमक असलेला धुता येणारा रंग घ्या, बाकी मॅट. शेड तीच.

चुनखडी
ऊब आणि साधेपणा दोन्ही हवं तर इमल्शन कशाला? चुना लावा. चुन्याच्या भिंतीला जो खोलपणा असतो तो प्लॅस्टिकच्या रंगाला येत नाही. भिजवून मुरवलेला चुना मलमलमधून गाळायचा, दुधाइतका पातळ ठेवायचा, चिमूटभर गेरू, भिंत आधी पाण्याने ओलावायची आणि तीन-चार हात. लावताना पारदर्शक दिसतो म्हणून घाबरून जाड थर देऊ नका. वाळता वाळता हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पांढरा होतो. जाड थराला भेगा पडतात. हातमोजे आणि चष्मा हवाच, डोळ्यात गेला तर भाजतं.

पुट्टीबहाद्दर
चुना सुंदर, यात वाद नाही. पण मायवानच्या भिंतीवर? त्यावर पुट्टी आहे, पुट्टीवर बिल्डरचा रंग आहे. चुन्याला पाणी पिणारा पृष्ठभाग लागतो. इमल्शनवर तो धरतच नाही, बोट फिरवलं की हाताला लागतो. सगळं खरवडून नव्याने चुन्याचा गिलावा करणार असाल तर बोला. चौदाव्या मजल्यावरून तेवढं डेब्रिज उतरवायला सोसायटी काय म्हणते तेही विचारा.

चुनखडी
मान्य, इमल्शनवर शुद्ध चुना नाही धरत. मग चुन्यासारखा दिसणारा तयार रंग रुंद ब्रशने आडवा-तिडवा मारा. फक्त एकाच भिंतीवर, दिवाणामागे, आणि बाकीच्या भिंतींच्याच शेडमध्ये. फरक रंगाचा नको, पोताचा हवा.

पुट्टीबहाद्दर
याला मात्र सहमत. नोंद घ्या, धाग्यावर एकमत झालं.

पिशव्यांची_पिशवी
सामान कमी म्हणजे नक्की किती? टीव्हीच्या रिकाम्या खोक्याचं काय? 'कधीतरी लागेल' वाल्या वायरी? मिनिमलवाल्या फोटोंमध्ये पिशव्यांची पिशवी कुठे टांगतात हा माझा कळीचा प्रश्न आहे.

निवांत
शेजारच्या खोलीत. त्या खोलीचा फोटो कधीच येत नाही.

रंधा
सुतारकामाकडे येतो. मायवान म्हणजे सगळ्या भिंती काँक्रीटच्या. भिंत फोडून वायरचा पाइप बसवायचा नाही, ती भिंत इमारतीचं वजन घेते आणि सोसायटीच्या फिट-आउट नियमांतही हे बहुधा लिहिलेलं असतं. म्हणजे लुमेन यांचे तीन दिवे प्लगवरच चालवायचे किंवा वायर भिंतीवरून न्यायची. केसिंग-पट्टी कुरूप दिसते. त्यापेक्षा कापडी वेष्टनाची वायर घ्या आणि दाराच्या चौकटीच्या किंवा स्कर्टिंगच्या रेषेने, दर फुटाला क्लिप लावून सरळ न्या. लपवायचा अर्धवट प्रयत्न केला की जास्त दिसते.

भोक पाडायला साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीही ड्रिल करू नका, पाइप त्याच रेषेत असतो. बिट दोन-अडीच सेंटिमीटर आत जाऊन अडलं आणि ठणठण आवाज आला तर सळई लागली. जोर लावू नका, इंचभर बाजूला सरका. खाली कागदाचं पाकीट उघडून चिकटवा, भुकटी त्यात पडते. ज्यांच्याकडे एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंती आहेत त्यांच्यासाठी उलटं : भोक लोण्यासारखं पडतं आणि साधा रावल प्लग तसाच बाहेर येतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लगच घ्यायचे.

फळी : पुस्तकांचं वजन मीटरला २० ते २५ किलो धरा. १८ मिलिमीटरचं प्लाय तीन फुटांवर मधे झोल देतं, म्हणून दर अडीच फुटांना आधार. अधांतरी दिसणारी फळी भिंतीपासून जितकी पुढे येते तितका तिच्यावर जोर येतो, म्हणून ती आठ इंचांपेक्षा जास्त पुढे नको. खोलीभर फळ्या नकोत. एकच, दाराच्या चौकटीच्या उंचीला किंवा बसल्यावर हात पोचेल अशी. मधल्या उंचीला लावलेली फळी डोक्याला लागते आणि नजरेलाही.

प्लायच्या कडेवर शिक्का बघा : आयएस ७१० म्हणजे मरीन, आयएस ३०३ म्हणजे साधं, त्यातही बीडब्ल्यूआर पाणी बऱ्यापैकी सहन करतं. दिवाणाखाली खण करणार असाल तर तो भाग ७१०. वरचा दर्शनी भाग चकचकीत सनमायका नको. या उजेडात बल्ब त्यात आरशासारखा दिसतो. मॅट किंवा खरं विनियर.

सागाची एखादी जुनी पाट-पेटी असेल तर तिला पॉलिश मारून चमकवू नका. काचकागदाने १८०, मग २४० नंबर, धूळ पुसून जवसाच्या शिजवलेल्या तेलाचा पातळ हात, १५ मिनिटांनी जास्तीचं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुसलं नाही तर चिकट राहतं आणि पावसाळ्यात त्याला धूळ लागते. महत्त्वाचं : तेलाने माखलेली चिंधी गोळा करून कचऱ्यात टाकू नका. ती वाळताना आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून किंवा एकेक पसरून वाळवून मगच टाका.

खाडीकाठ
सीवूड्स, नेरूळ, वाशी या खाडीच्या बाजूच्या लोकांसाठी भर : साधे लोखंडी स्क्रू आणि पडद्याचे पातळ मुलामा दिलेले दांडे इथे दोन पावसाळ्यांत तांबेरतात, आणि तांबेऱ्याचे ओघळ उबदार पांढऱ्यावर फार उठून दिसतात. ३०४ ग्रेडचं स्टील किंवा लाकडी दांडा. पितळ काळवंडेल, पण ते चांगलं दिसतं.

वेताची खुर्ची घेणार असाल तर खाली पिठासारखी भुकटी पडते का ते बघा. पडत असेल तर भुंगा लागलाय. इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकात भुंग्याचं औषध सोडायचं, आठवडाभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. उन्हात ठेवून भुंगा जात नाही, वेत मात्र तडकतो.

आणि ज्यूटचा गालिचा कृपा करून नको. फोटोत छान, ऑगस्टमध्ये भिजलेल्या कुत्र्याचा वास.

कापडचोपड
ज्यूटबद्दल अगदी अगदी. इथे एक मुद्दा राहतोय. ते फोटो जिथून येतात तिथे बाहेर बर्फ असतो, म्हणून त्यांची ऊब लोकरीची आणि मखमलीची. ठाण्यात मे महिन्यात मखमलीची उशी कोण जवळ घेणार? आपल्याला डोळ्यांना ऊब हवी आणि अंगाला गारवा. तो बसतो हातमागाच्या सुतीत : दिसायला खरखरीत, लागायला गार.

फरशीला जाड गालिचा नको, ४ बाय ६ ची सुती सतरंजी दिवाणाच्या बाजूला. व्हिट्रिफाइडवर ती सरकते आणि माणूस आपटतो, म्हणून खाली रबराची जाळी. दुहेरी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद फरशीवर काळा होतो.

पडदा. दांडा खिडकीच्या चौकटीवर नाही, त्याच्या वर, तुमच्याकडे जमिनीपासून ८ फुटांवर. रुंदीला दोन्ही बाजूंना ९-९ इंच जास्त, म्हणजे साडेसहा फुटी दांडा. मग पडदा उघडल्यावर काच पूर्ण मोकळी होते आणि खिडकी मोठी दिसते. हातमागाचा पन्हा ४६ इंच धरला तर चार पाखी (पडद्याचे उभे तुकडे) लागतील, चुण्या दुपटीहून थोड्या जास्त. तयार लांबी ७ फूट १० इंच, वर ४ इंच, खाली ५ इंच दुमड, आणि सुती कापड पाण्यात पाच टक्क्यांपर्यंत आटतं म्हणून एकूण ९ फूट. चार गुणिले नऊ, ३६ फूट, म्हणजे ११ मीटर. शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात टाका, वाळवा, इस्त्री करा, मग शिंप्याकडे. हे टाळलं की पहिल्या धुण्यानंतर पडदा घोट्यावर चढलेल्या पायजम्यासारखा दिसतो.

पश्चिमेचं ऊन अडवायला मागे पांढरं सुती अस्तर वेगळ्या दांड्यावर. दुपारी अस्तर ओढायचं, संध्याकाळी दोन्ही उघडायचे. दोन थर एकत्र शिवू नका, ते वेगवेगळे आटतात आणि खालून फुगे येतात.

आजीची_घडी
आणि गोधडीचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? दिवाणावर गोधडी, बाकी काही नको.

कापडचोपड
तिच्याकडेच येत होते. ३ फुटी दिवाणासाठी दोन सहावारी पुरतात. एक साडी साधारण साडेपाच मीटर. तिच्यातून सात फुटांचे दोन तुकडे निघतात, पन्हा पावणेचार फूट, म्हणजे दोन साड्यांचे चार थर. प्रत्येकीचा उरलेला सव्वा मीटर कडांच्या पट्ट्यांना. वापरून मऊ झालेलं सूतच हवं. सिंथेटिक मधे घातलं तर थर एकमेकांवर सरकतात आणि टाके ओढले जातात. सगळ्या साड्या आधी वेगवेगळ्या मिठाच्या पाण्यात धुवून बघा, रंग सोडणारी बाद. मग थर पसरून मधून कडेकडे कच्चे लांब टाके, आणि नंतर बाहेरून आत ओळीने धावदोरा, ओळींत पाऊण इंच अंतर.

इथे नीट बघण्यासारखं म्हणजे दोरा किती ओढायचा. ओढला नाही तर गोधडी सपाट चादर होते. फार ओढला तर आक्रसते. टाक्यांच्या मधे कापड तांदळाच्या दाण्याएवढं उचललं जाईल इतकाच ताण. तिरप्या उजेडात त्या दाण्यांच्या सावल्या पडतात आणि एकरंगी गोधडीही भरलेली दिसते. सहा थरांची करू नका, पावसाळ्यात तीन दिवस वाळणार नाही.

निवांत
पुट्टीला तिरपा उजेड शाप आणि गोधडीला वरदान. लुमेन, तुमचा दिवा फार राजकारणी आहे.

लुमेन
दिवा तोच आहे, दोष पुट्टीत आहे.

अवांतर, पण विचारलं जाणारच म्हणून : डिमर लावायचा तर बल्बवर 'डिमेबल' लिहिलेलं हवं, नाहीतर तो लुकलुकतो आणि लवकर जातो. आणि पंख्याचा जुना रेग्युलेटर बल्बला जोडायची कल्पना कुणाला सुचली असेल तर तिथेच थांबा.

फॉल्स सीलिंगचा विषय निघालाच तर, ९ फूट ४ इंचांत ते करू नये. पाच इंच जातात, आणि छतातले दिवे पंख्याच्या पात्यांच्या वर आले की खोलीभर सावल्या फडफडतात.

घोडबंदरकर
बापरे, बरंच काही. टेराकोटाची भिंत रद्द. पण अगदी रंगच नाही? आणि भिंतीवर काय लावायचं? मनीप्लांट ठेवायचा विचार होता, हवा शुद्ध होते म्हणून.

येऊरची_वाट
टेराकोटा हवाच असेल तर भिंतीवर नको, वस्तूत आणा. वारली चित्राची जमीन गेरूची, रेघ पांढरी. तुमच्या भिंती आणि तुमचा टेराकोटा दोन्ही एका चौकटीत. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-डहाणू आपल्याच जिल्ह्यात होते, तेव्हा हे परकं नाही. एकच मोठं घ्या, दोन बाय तीन फूट. सात लहान चौकटी म्हणजे पुन्हा पसारा. साधारण चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर धरतात, पण दिवाणावर टेकून बसणार तिथे चौकटीची खालची कड टेकायच्या उशीच्या वर आठ-दहा इंच, त्याहून उंच नको. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि चित्रात हवा राहील. काच कागदाला टेकता कामा नये, मधे माउंट (पुठ्ठ्याची आतली चौकट) हवा, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. चिकट हुकवर टांगू नका, मॅट रंगाचा पापुद्रा घेऊनच तो खाली येतो.

मनीप्लांट जरूर ठेवा, दिसायला चांगला म्हणून. हवा शुद्ध करतो ही कथा नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून पसरली आणि तो प्रयोग बंद पेट्यांमधला होता. उघड्या खिडकीच्या खोलीत दोन पानांनी काही होत नाही. पाण्यात ठेवलात तर दर आठवड्याला पाणी पूर्ण बदलून बाटली आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी काचेच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

रंधा
दिवाण कुठे लावणार ते कुणी विचारलंच नाही. पश्चिमेच्या भिंतीला लांब बाजू लावू नका. काँक्रीटची भिंत दुपारभर तापते आणि रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहते. दक्षिण किंवा उत्तरेच्या भिंतीला लावा, डोकं खिडकीपासून किमान दीड फूट लांब. टेबल खिडकीला काटकोनात, उजेड डाव्या हाताकडून, डावखुरे असाल तर उजवीकडून. खिडकीकडे तोंड केलं तर चार वाजता डोळ्यात सूर्य, पाठ केली तर स्क्रीनवर सूर्य.

सेक्टर_आठ
मोकळी जागा नुसती सोडायची नसते, आखायची असते. बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये सात-सात घरं एका अंगणाभोवती आहेत. घरं लहान, पण अंगण कोणी भरायचं नाही हे आधी ठरलेलं. खोलीतही तसंच, सतरंजीएवढी फरशी रिकामी असं ठरवून टाका आणि तिथे काहीही ठेवायचं नाही, 'दोन दिवसांसाठी' सुद्धा नाही.

पिशव्यांची_पिशवी
त्या जागेवर कपडे वाळायचा स्टँड येणार. जून ते सप्टेंबर. पैज.

ओलावा
क्रम विचारला होता, तो राहून जाईल. आधी खिडकीचं सिलिकॉन आणि ओलीची परीक्षा. मग दिव्यांच्या जागा ठरवून सगळी ड्रिलची भोकं, फळीची, दांड्याची, चित्राची. मग पुट्टीची डागडुजी, प्रायमर, रंग. रंग पावसाळ्यात काढू नका, पुट्टी वाळायला चौपट वेळ लागतो आणि रंगारी थांबत नाही. दसऱ्याच्या तोंडावर सगळे रंगारी गुंतलेले, म्हणून नोव्हेंबर ते मार्च. मग दिवाण, मग पडदा. दिवे मात्र आजच आणा, रंगाचे चौकोन त्याच उजेडात बघायचे आहेत.

घोडबंदरकर
दिवे या रविवारी. प्लॅस्टिक लावलंय, बुधवारी कळेल. कापडाला उल्हासनगर बरं की जांभळी नाका?

कापडचोपड
उल्हासनगरला निवड जास्त, पण हातमाग म्हणून यंत्रमाग गळ्यात मारतात. कडेचा काठ बघा : हातमागाचा काठ किंचित वाकडा असतो आणि पन्हा जागोजागी अर्ध्या इंचाने कमीजास्त भरतो. कुठूनही घ्या, ११ मीटर एकाच ताग्यातून सलग फाडून घ्या. आठ मीटर एका ताग्यातून आणि तीन दुसऱ्यातून घेतले तर दुकानात सारखे दिसतात, आणि पश्चिमेच्या उजेडात एक पाख वेगळी दिसते. दुकानातला तागा दाराबाहेर उन्हात उलगडायला लावा, दुकानात ट्यूब असते.